सिमेंट, पंचेचाळीस हजार

हिल्डाला न्हाण आलं त्या वर्षापासून ती आपल्या सख्ख्या भावाशी एक शब्द बोललेली नव्हती. भांडण नव्हतं, मान होता. अंबाए बेटावर बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांना असाच मान देतात. तो बसला असेल त्या छपराखाली तिने बसायचं नाही, त्याच्या पुढून जायचं नाही, आणि नाव तर तोंडातून काढायचंच नाही. काही सांगायचं असेल तर वहिनीला सांगावं, नाहीतर एखाद्या पोराला पिटाळावं. तिच्या भावाचं नाव ओलिव्हिए. पण हिल्डा मनातसुद्धा त्याला 'जोस्लिनचा नवरा' म्हणायची, इतकी ती सवय हाडात मुरलेली होती.

मग अंबाएच्या डोंगराने राख ओकायला सुरुवात केली. बागा गेल्या, पाणी गेलं, आणि सरकारने सगळ्या बेटालाच जहाजात घालून इकडेतिकडे नेऊन सोडलं. काही लोक पुढे परतले. हिल्डाची आई मात्र शेजारच्या सांतो बेटावर, लुगनव्हिल शहराच्या बाहेर, बांबू आणि ताडपत्रीच्या खोपटात राहिली. म्हातारीचे गुडघे धरलेले, आणि रात्रभर त्या ताडपत्रीची फडफड. तेव्हा घरात ठरलं की हिल्डाने टास्मानियात फळांच्या कामाला जायचं आणि पैसे पाठवायचे, ओलिव्हिएने आईला सिमेंटचं घर बांधायचं.

हिशेबासाठी हिल्डाने दोघांच्या फोनवर तो घरखर्चाचा प्रोग्रॅम टाकला. तो तिकडे खर्च लिहायचा, ती इकडे बघायची. यात तिला हिशेबापेक्षा निराळंच काही मिळालं आणि ते तिने कोणाला सांगितलं नाही. रकमेच्या बाजूला दोन शब्द लिहायला जागा होती. ओलिव्हिए तिथे लिहायचा. 'सिमेंट, ४५.०००. गोण्या कोरड्या ठेवल्यात.' 'वाळू, १२.५००. ट्रकवाला चोर आहे.' 'लाकूड, ८६.०००. आईला वास आवडला.' एकदा तर त्याने लिहिलं होतं, 'कावा, ८००. गवंड्यांना. मी फक्त चव बघितली.' कावा म्हणजे मुळ्या कुटून केलेलं तिकडचं नशेचं पाणी. भावाने बहिणीशी थट्टा करायची नसते. हिल्डा बागेतल्या शिडीवर उभी राहून हसली होती आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून आजूबाजूला बघितलं होतं. प्रोग्रॅमला काय कळतंय रीतभात? इतक्या वर्षांनी भावाचा आवाज कानी पडावा तसं तिला झालं होतं.

त्या आकड्यांतल्या टिंबाचं म्हणाल तर ते त्यांच्या वडिलांचं कर्तृत्व. त्यांच्या बेटांच्या देशावर एके काळी दोन साहेबांनी मिळून राज्य केलेलं, फ्रेंच आणि इंग्रज. ते गेले, पण शाळा दोघांच्याही राहिल्या, आणि हुशार बापांनी दोन्ही डगरींवर हात ठेवला. एक पोर फ्रेंच पाद्र्यांकडे, एक इंग्रजी मिशनमध्ये. म्हणून ओलिव्हिए हजारानंतर टिंब द्यायचा आणि हिल्डा स्वल्पविराम. घरात याचा घोटाळा कधी झाला नाही. ज्याचं अक्षर त्याची रीत, हे माणसाला कळतं.

चेरीच्या हंगामात हिल्डाचा जुना फोन पाण्याच्या टाकीत पडला. तो सांतोहून आणलेला, फ्रेंच वळणाचा होता. तिने तिथेच गावात नवा घेतला. दुकानातल्या पोराने प्रोग्रॅम पुन्हा भरून दिला, जुनी सगळी पानं आली, भावाच्या ओळी जशाच्या तशा दिसल्या. तिला हायसं वाटलं. नंतर सफरचंदं लागली, डबल पाळी सुरू झाली. संध्याकाळी खोलीवर आली की हात वर उचलत नव्हते. ओळी वाचायची सवय सुटली. प्रोग्रॅम उघडल्याबरोबर वर एक गोल चित्र यायचं, कशावर किती गेले ते रंगांनी दाखवणारं. तेवढं बघायची आणि झोपायची.

त्या चित्रात एक दिवस तिने नीट पाहिलं आणि तिची झोप उडाली. अर्ध्याहून जास्त चित्र एका रंगाचं होतं, आणि तो रंग 'कावा'चा होता. नऊ हजार सहाशे वाटू, म्हणजे त्यांच्याकडचे रुपये. त्याच्या खालोखाल भाड्याच्या गाड्या. आणि घरबांधणी? दोऱ्याएवढी एक रेघ. तीनशे बारा वाटू. तीनशे बारात लुगनव्हिलच्या बाजारात कंद किसून वाफवलेला पोटभर लापलापसुद्धा येत नाही.

बँकेचं पान तिने शेजारी उघडलं. तिथून सव्वातीन लाख काढलेले दिसत होते. खर्चात लिहिलेले जेमतेम सव्वातेरा हजार. बाकीचे कुठे मुरले?

खरं तर बोट खाली सरकवलं असतं तर सगळ्या ओळी तिथेच होत्या. पण दमलेल्या माणसाला बेरीज पुरते. त्यात गेल्याच आठवड्यात चुलतभाऊ चार्लीने फोनवर सहज सांगितलं होतं की तुझा भाऊ रोज संध्याकाळी कावा पिण्याच्या बैठकीतून करवंट्या भरून नेताना दिसतो. तेव्हा तिने ते सोडून दिलं होतं. आता तेच वाक्य उठून बसलं. संशयाला काय, एक पाय ठेवायला जागा पुरते.

भावाला विचारायची सोय नव्हती. वहिनीला विचारायचं म्हणजे बायकोला नवऱ्याची चोरी विचारायची, तेही जमेना. उरला मामा. आईचा भाऊ मोझेस विरा, घराण्याचा शब्द ज्याच्या हाती, असा. तिने सकाळच्या सुट्टीत त्याला फोन लावला आणि जे दिसलं ते सांगितलं. मामाने मध्ये एकदाच विचारलं.

"पोरी, तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं, मामा. माझ्यासमोर आहे."

"मग मला बैठक बोलवावी लागेल. बोलवू?"

हिल्डा म्हणाली, बोलवा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण तिच्या बाजूनेही बघायला हवं. थंडीने फुटलेल्या बोटांनी कमावलेले ते पैसे होते आणि आई अजून ताडपत्रीखाली होती.

बैठक झाली. काय झालं ते तिला चार्लीकडून कळलं. मामाने सगळ्यांसमोर विचारलं की बहिणीच्या पैशाचं काय केलंस. ओलिव्हिए उभा राहिला, जमिनीकडे बघत राहिला, आणि एवढंच म्हणाला की माझ्या बहिणीने असं म्हटलं असेल तर मला बोलायचं नाही. बहिणीचा शब्द चारचौघांत खोटा पाडणं म्हणजे तिला उघडं करणं, आणि ते त्या माणसाच्याने झालं नाही. पंचांनी त्याचा अर्थ साहजिकच कबुली असा लावला. दंड बसला, एक सुळेवाला डुक्कर आणि दहा लाल चटया. डुक्कर त्याने पिल्लू असल्यापासून हाताने चारून वाढवलेला होता, मुलाच्या दीक्षेसाठी. तो त्याने दुसऱ्या दिवशी दोरीला धरून आणून दिला. घराचं काम चार्लीकडे गेलं. चार्लीने ते कसं केलं हे सांगायची गरज नाही. भिंती होत्या तेवढ्याच राहिल्या आणि पत्रे चिखलात पडून राहिले.

हिल्डाला वाटलं होतं की यानंतर शांत वाटेल. वाटलं नाही. प्रोग्रॅम ती उघडेनाशी झाली.

बागेवरच्या मजुरांच्या खोल्यांत, हिल्डाच्या शेजारी, तलेई राहायची. फिजीची, जाडजूड, मोठ्याने हसणारी बाई. सुव्हामध्ये कोणाच्या तरी दुकानाचे हिशेब सांभाळून आलेली. तिलाही घरी पैसे पाठवायचे होते, तर एका रविवारी चर्चहून आल्यावर, कपडे वाळत घालता घालता तिने हिल्डाला म्हटलं की तुझा तो प्रोग्रॅम मला दाखव, मीही टाकते. हिल्डाने नाइलाजाने फोन दिला. तलेई पायरीवर बसून बोट फिरवत राहिली.

"हे घर कोणाचं गं?"

"आईचं."

"आणि तीनशे बारा वाटूत झालं? मला पण दोन बांधून दे."

हिल्डा ओल्या चादरीची टोकं जुळवत राहिली. तलेई मात्र ओळी वाचायला लागली होती, आणि तिच्या भुवया जवळ आल्या.

"थांब. सिमेंट पंचेचाळीस. वाळू साडेबारा. तुमच्याकडे साडेबारा वाटूत ट्रकभर वाळू येते?"

"साडेबारा हजार आहे ते. तो तसंच लिहितो. हजारानंतर टिंब."

"तो लिहितो. पण तुझ्या फोनला कुठे माहितीये? तुझा फोन इकडचा. त्याला टिंब दिसलं की तो समजतो पुढची चिल्लर. पंचेचाळीस, आणि वर शून्य चिल्लर." तलेई आता हसत नव्हती. "मोठ्या रकमांना टिंब आहे, त्या सगळ्या चुरडल्या. आठशे-पाचशेला टिंबच नाही, त्या तेवढ्याच राहिल्या. म्हणून तुला कावाच कावा दिसतोय, बाई."

हिल्डाच्या हातातली चादर तारेवरून घसरून गवतावर पडली. तलेईने तिला बसायला सांगितलं. मग तिनेच प्रोग्रॅमच्या आत शिरून आकड्यांची रीत शोधली आणि फ्रेंच केली. पहिल्या झटक्याला भलतंच झालं. हिल्डाचे स्वतःचे डॉलरचे खर्च बिघडले आणि साडेसहा डॉलरच्या साबणाचे साडेसहाशे झाले. तलेई म्हणाली, एवढ्या साबणात सगळ्या बागेला आंघोळ घालता येईल, पण हिल्डा हसली नाही. मग तलेईने वाटूंचं पान वेगळं केलं आणि डॉलरचं वेगळं, ज्याला त्याची रीत दिली, वाटूंच्या जुन्या ओळी पुसून ओलिव्हिएच्या बाजूने पुन्हा ओढून घेतल्या. चहा गार व्हायच्या आत सगळं झालं.

चित्र फिरलं. घरबांधणीने जवळजवळ सगळा गोल व्यापला. तीन लाख अकरा हजार पाचशे. कावा आता दोऱ्याएवढा. बँकेतून काढलेले आणि लिहिलेले यांच्यात पाचशे वाटूंचा फरक होता. तेवढा तर प्रत्येकाच्या हिशेबात असतो.

आणि ओळी. इतक्या महिन्यांच्या न वाचलेल्या ओळी हिल्डाने एकेक करून वाचल्या. 'कावा, ८००. सुट्टीच्या दिवशी पण आले बिचारे.' 'मजुरी, ४०.०००. मोठा गवंडी विचारतो बहीण कधी येणार.' सगळ्यात शेवटची होती, 'पत्रे, १२८.०००. पावसाआधी चढवतो.' त्यानंतर बैठक झाली होती. हिल्डा ढसाढसा रडली. तलेई शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती की अगं सापडली ना चूक, झालं ना बरोबर. त्या भाबडीला काय माहीत की काय बरोबर झालं नव्हतं.

मामाला तिने लगेच फोन केला. सगळं सांगितलं, टिंब, नवा फोन, चित्र. मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे चूक फोनची."

"हो, मामा."

"पण तक्रार फोनने केली नव्हती, पोरी. तू केली होतीस. फोनकडे चटया नाहीत द्यायला."

तिला ते लागलं. पण खोटं काय होतं त्यात? तिने शेतमालकाकडे रजा मागितली, पुढच्या हंगामाचा भरवसा नाही असं त्याने सुनावलं, तेही ऐकून घेतलं आणि सांतोला आली.

बंदरावर जोस्लिन घ्यायला आली होती. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. ट्रकच्या मागच्या फळीवर दोघी बसल्या, आणि हिल्डाने वाटेतच पुन्हा सगळा पाढा वाचला. त्याला सांगा वहिनी, म्हणाली, माझ्या फोनवर बेरीज चुकत होती, मला ते दिसलंच नाही.

"सांगेन," जोस्लिन म्हणाली. "पण एक सांगू? त्याच्या फोनवर बरोबर होती ना. त्याला वाटलं तूही तेच बघते आहेस. एक एक गोणी, एक एक पत्रा. सगळं वाचलंस, आणि वाचून म्हणालीस."

नारळांच्या रांगा मागे जात होत्या. मग हिल्डाने विचारलं की तो तेव्हा घरी येऊन काय म्हणाला.

"काही नाही. डुकराला अंघोळ घातली."

चटया विणायला आईने आणि मावश्यांनी आधीच घेतल्या होत्या. बैठकीच्या दिवशी हिल्डा रीतीप्रमाणे लांब, झाडाखाली, मान खाली घालून बसली. ओलिव्हिए त्या बाजूला. मामाने तिच्या वतीने डुक्कर दिला, लाल चटया एकावर एक मांडल्या, आणि विचारलं की मुलीला काही म्हणायचं आहे का. तिने टिंबाबद्दल काही काढलं नाही. एवढंच म्हणाली की मी बोलले, मी न वाचता बोलले. पंच म्हणाले, ठीक आहे. ओलिव्हिए उठला आणि चटयांवर हात ठेवला. म्हणजे घेतलं. आता ही गोष्ट जमिनीत गेली, आणि जो उकरेल त्याने डुक्कर द्यायचा, असं मामाने जाहीर केलं. मग सगळे कावा प्यायले आणि बायकांनी लापलाप वाढला. हिल्डा जिथे होती तिथून तिला भावाची फक्त पाठ दिसत होती. मान वाकलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. हे केस कधी पांढरे झाले, असं तिच्या मनात आलं.

काम पुन्हा ओलिव्हिएकडे आलं. त्याच्या माफीत काही खोट नव्हती. पाऊस लागायच्या आधी पत्रे चढले, दारं बसली. सफरचंदांना माणसं कमी पडली म्हणून हिल्डालाही मालकाने परत बोलावलं. जोस्लिन फोटो पाठवायची. निळ्या खांबांचं घर, ओट्यावर पाय पसरून बसलेली आई. आई फोनवर म्हणायची की आता रात्री पत्र्यावर पाऊस वाजतो आणि मी आतून ऐकते. म्हातारी खूश होती आणि हिल्डालाही आनंद होता, तो काही खोटा नव्हता.

पण प्रोग्रॅमवरचं पान कोरं राहिलं. पैसे जात होते, निघत होते, लागत होते, ओळ मात्र एकही येत नव्हती. महिना गेला तेव्हा हिल्डाने जोस्लिनला आडून विचारलं की खर्च लिहायचे राहिलेत का. दुसऱ्या दिवशी जोस्लिनने त्याचा निरोप दिला, जसाच्या तसा.

"तो म्हणतो, आता हिशेब नको. माझ्या बहिणीचा माझ्यावर विश्वास आहे."

यात वाईट काय आहे? कोणी बाहेरचा म्हणेल, भाऊ असावा तर असा. हिल्डाने निरोप ऐकला, बरं म्हणाली, फोन ठेवला आणि खाटेवर बसून राहिली. तिला हिशेब नकोच होता. ट्रकवाला चोर आहे का, गवंडी काय म्हणतो, आईला कशाचा वास आवडला, तेवढं हवं होतं. ते मागायची वाट एकच होती आणि ती तिनेच बुजवली होती. उकरायचीही सोय नव्हती, उकरलं तर डुक्कर.

तलेईने एकदा विचारलं, "काय गं, आता जुळतात ना आकडे?"

"जुळतात. नवीन येतच नाहीत."

एका रविवारी तिने ते वाटूंचं पान उघडलं आणि पहिल्यांदाच स्वतः एक ओळ लिहिली. शब्दांच्या जागी लिहिलं, 'खांबांचा निळा रंग कोणी निवडला?' बहिणीने भावाला थेट विचारू नये हे तिला कळत होतं. ओळ जाईना. रक्कम लिहिल्याशिवाय घेता येत नाही, असं प्रोग्रॅम सांगत होता. तिने थोडा विचार केला आणि शून्य लिहिलं. मग ओळ गेली.

पुढच्या रविवारी तिने पान पुन्हा उघडलं. ओळ तिथेच होती, आणि तिच्या खाली बारीक अक्षरात आलं होतं की दुसऱ्या बाजूने ती वाचली आहे. त्याच्या खाली काही नव्हतं.